जुन्या गल्लीत रुग्णालयाचा विस्तार: जमीनवापर बदलाच्या प्रस्तावाला रहिवाशांनी कसे सामोरे जावे

बेळगावच्या रुग्णालयांवर केवळ बेळगाव शहराचा भार नाही. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलपासून सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजपर्यंतचे रुग्ण येथे येतात, त्यामुळे खाटा वाढवण्याची रुग्णालयांची गरज बहुतेक वेळा खरीच असते. अडचण जागेची आहे. एखाद्या डॉक्टरांनी राहत्या घराच्या पुढच्या सोप्यात दवाखाना सुरू केलेला असतो, पुढे त्यावर माडी चढते, मग शेजारचे कौलारू घर विकत घेतले जाते, त्यानंतर मागच्या बोळातले आणखी एक. शहापूर, टिळकवाडी किंवा गणपत गल्लीच्या आसपासच्या जुन्या वस्तीत हा क्रम इतका सवयीचा झाला आहे, की तीन-चार घरे पाडून तेथे पाच मजली इमारत उठणार असल्याचे रहिवाशांना जेसीबी आल्यावरच समजते. तोपर्यंत निर्णय कागदावर झालेला असतो आणि त्यासाठीची हरकतीची मुदतही बहुधा उलटून गेलेली असते.

हा लेख अशा गल्लीतील रहिवासी, देवस्थानाची पंच कमिटी आणि गल्लीतील मंडळे यांच्यासाठी आहे. त्यातील मुख्य सांगणे एकच आहे: जुन्या वस्तीबद्दलची आपुलकी फायलीत टिकत नाही, मोजलेला रस्ता टिकतो. म्हणून कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या मोजता येणाऱ्या मुद्द्यावर बोलायचे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पहिली पायरी: जागा कोणाच्या अखत्यारीत आहे ते ठरवणे

बेळगाव शहरात जमिनीचा वापर ठरवणारी नियोजन संस्था म्हणजे नगरविकास प्राधिकरण, ज्याला सगळे बुडा म्हणतात. इमारतीच्या नकाशाला मंजुरी देते ती महानगरपालिका. ही दोन वेगळी कार्यालये आहेत आणि त्यांच्या फायलीही वेगळ्या असतात; बुडाकडे द्यायचा अर्ज महानगरपालिकेत देऊन निश्चिंत बसणे हे बऱ्याच हरकती वाया जाण्याचे कारण आहे. कॅम्प भागाची गोष्ट निराळी आहे. तेथे कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ लागू होतो, बांधकामाला कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते, आणि जुन्या बंगल्यांच्या जमिनीचा हक्क संरक्षण खात्याच्या नोंदवहीवरून ठरतो. निपाणी, खानापूर, संकेश्वर यांसारख्या गावांत प्रथम नगरपालिका किंवा नगरपंचायतीत आणि नगरनियोजन खात्याच्या कार्यालयात जाऊन त्या गावासाठी मंजूर मास्टर प्लॅन, म्हणजे कोणत्या जमिनीचा कोणता वापर करायचा हे ठरवणारा आराखडा, लागू आहे का, याची लेखी विचारणा करावी.

दुसरी पायरी: कागद गोळा करणे

हे काम नोटीस निघण्याची वाट न पाहता, शेजारची घरे एकामागून एक विकली जाऊ लागली की लगेच सुरू करावे. लागणारे कागद असे: मास्टर प्लॅनच्या नकाशातील आपल्या भागाची प्रत, त्याच प्लॅनची झोनिंग नियमावली, संबंधित सर्व सीटीएस नंबरांचे (म्हणजे सिटी सर्व्हेतील भूखंड क्रमांकांचे) प्रॉपर्टी कार्ड, आणि रुग्णालयाच्या सध्याच्या इमारतीचा मंजूर नकाशा व वापर परवाना. शेवटचे दोन कागद फार बोलके ठरतात, कारण मूळ इमारतच जर निवासी म्हणून मंजूर झालेली असेल, तर विस्ताराच्या प्रस्तावाचा पायाच तपासावा लागतो. सीटीएस नंबरांच्या एकत्रीकरणाचा अर्ज झाला आहे का, हेही सिटी सर्व्हे कार्यालयात आणि बुडात विचारावे. तीन-चार छोट्या जागा एकत्र होऊन मोठा भूखंड तयार होणे, ही विस्ताराची सर्वांत आधी दिसणारी खूण असते.

सीमाभागात एक जास्तीची अडचण असते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, आणि शहापूर त्याआधी सांगली संस्थानात होते. त्यामुळे जुनी खरेदीखते मराठीत, काही तर मोडीत असतात, आणि नंतरचे उतारे कन्नडमध्ये. आपल्या सामाईक भिंतीचा, वहिवाटीच्या बोळाचा किंवा आडाच्या हक्काचा उल्लेख जुन्या खतात असेल, तर त्याचे लिप्यंतर आणि कन्नड भाषांतर आधीच करून, शक्य असल्यास नोटरीकडून साक्षांकित करून ठेवावे. सुनावणीच्या दिवशी मोडी कागद पुढे केल्यास अधिकाऱ्याला त्याचा काही उपयोग करता येत नाही.

कागद कोणी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, आणि राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. अन्यथा अर्ज तेवढ्याच कारणावरून परत येऊ शकतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. जमीनवापर बदलावर हरकत घेण्याची मुदत मात्र १५ दिवसांची असू शकते, म्हणजे नोटीस पाहून माहिती अधिकारात धाव घेणाऱ्याला कागद मिळेपर्यंत मुदत संपलेली असते. नोटीस निघालीच असेल, तर त्याच दिवशी बुडाच्या आयुक्तांना फाइल पाहू देण्याबद्दल साधे पत्र देऊन पोच घ्यावी. फाइल दाखवली नाही, तर ही पोच पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

तिसरी पायरी: मागणी नेमकी कशाची आहे ते ओळखणे

सगळे जण ‘झोन बदलतात’ असे म्हणत असले, तरी रुग्णालयासमोर तीन वेगळे मार्ग असू शकतात.

झोनिंग नियमावलीत निवासी विभागात सरसकट चालणारे वापर आणि प्राधिकरणाच्या खास परवानगीने चालणारे वापर अशा दोन याद्या असतात. नर्सिंग होम किंवा रुग्णालय यांपैकी कोणत्या यादीत येते आणि त्यासाठी रस्त्याच्या रुंदीची, भूखंडाच्या क्षेत्रफळाची व पार्किंगची कोणती अट आहे, हे आपल्याच शहराच्या लागू नियमावलीत पाहावे. दुसऱ्या शहराचा दाखला येथे उपयोगाचा नाही. प्रस्ताव पहिल्या यादीत बसत असेल, तर झोन बदलाचा प्रश्नच उद्भवत नाही, केवळ बांधकाम परवानगीचा उरतो. तो दुसऱ्या यादीत बसत असेल, तर खास परवानगीच्या अटींवर बोलावे लागते. दोन्हींत बसत नसेल, तेव्हाच निवासी जमीन सार्वजनिक-निमसार्वजनिक किंवा व्यापारी वापरात बदलून घेण्याचा, म्हणजे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १४-अ चा मार्ग उरतो.

रहिवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम हेच आहे. मास्टर प्लॅन अमलात आल्यानंतर त्यात फेरफार करण्याची मुभा ते देते, पण नकाशातील चूक, राहून गेलेला तपशील किंवा त्या वेळची परिस्थिती अशा कारणांसाठीच. शिवाय त्यावर तीन बंधने आहेत. बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे. तो या कायद्याच्या किंवा जमिनीचे नियोजन, विकास व वापर यांविषयीच्या अन्य कोणत्याही कायद्याच्या विरुद्ध नसला पाहिजे. आणि त्या भागात खप असलेल्या एका किंवा अधिक दैनिकांत प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान १५ दिवस दिले गेले पाहिजेत. आपली हरकत या तीन बंधनांच्या चौकटीतच लिहावी.

चौथी पायरी: नोटीस पकडणे

नोटीस कोणत्या दैनिकात येईल हे आपल्या हातात नसते, आणि ती कन्नडमध्ये असण्याचीच शक्यता अधिक. म्हणून गल्लीतील दोन-तीन घरांनी मराठीबरोबर स्थानिक खपाची कन्नड दैनिकेही रोज चाळावीत आणि कन्नड न वाचणाऱ्यांनी ‘सार्वजनिक प्रकटणे’ (जाहीर सूचना), ‘भू बळके बदलावणे’ (जमीनवापर बदल), ‘आक्षेपणे’ (हरकत) हे शब्द कन्नड लिपीत कसे दिसतात ते कोणाकडून तरी लिहून घ्यावे. नोटीस दिसताच कात्रण काढू नये, संपूर्ण पान जपून ठेवावे. त्यावर दैनिकाचे नाव आणि तारीख असते, आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. नोटिशीतील सीटीएस नंबर व क्षेत्रफळ प्रॉपर्टी कार्डाशी ताडून पाहावे. एखादा नंबर गळालेला असेल, तर तो स्वतंत्र हरकतीचा मुद्दा होतो.

पाचवी पायरी: हरकत लिहिणे

भाषेबद्दल आधी. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार तक्रारीच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणजे मराठीतील हरकत नाकारता येत नाही. हक्क असला तरी व्यवहार वेगळा असतो, हे सीमाभागातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. हरकत मराठीत लिहून सोबत कन्नड भाषांतर जोडावे. फाइलवर टिपणी लिहिणारा कर्मचारी ते वाचणार आहे, आणि आपला मुद्दा त्याच्या टिपणीत उतरणे हेच आपल्याला हवे आहे.

दीडशे सह्यांचे एक निवेदन देण्याऐवजी, किंवा त्याशिवाय, प्रत्यक्ष बाधित घरांनी स्वतंत्र पत्रे द्यावीत. भिंतीला भिंत असलेल्या घराचा मुद्दा निराळा असतो, समोरच्या शाळेचा निराळा, कोपऱ्यावरच्या विणकराच्या मागाचा निराळा. सगळ्यांनी एकच मजकूर लिहिला, तर फाइलवर तो एकाच ओळीत संपतो. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी.

मजकुराचा एक नमुना असा:

‘सीटीएस क्रमांक … या निवासी विभागातील जागेचा वापर बदलण्याच्या दिनांक … च्या नोटिशीस मी हरकत घेत आहे. प्रस्तावित जागेस लागून माझे घर असून त्याची एक भिंत सामाईक आहे. जागेसमोरील रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी … मीटर असल्याचे सोबतच्या मोजणीवरून दिसते. एवढ्या रुंदीच्या रस्त्यावर प्रस्तावित उंचीची इमारत झोनिंग नियमावलीच्या कोणत्या तरतुदीखाली अनुज्ञेय आहे, याचा खुलासा व्हावा. कलम १४-अ मधील सार्वजनिक हिताची व अन्य कायद्यांशी सुसंगतीची अट येथे कशी पूर्ण होते, याची कारणे नोंदवल्याशिवाय बदलास संमती देऊ नये. मला समक्ष सुनावणी द्यावी.’

रस्त्याची रुंदी मोजताना कट्टे, गटारे आणि बाहेर आलेल्या पायऱ्या वगळून मोजावी, किमान तीन ठिकाणी मोजावी आणि टेप दिसेल असे छायाचित्र घ्यावे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ही १५ मीटर वा त्याहून उंच इमारतीला लागून असलेला मुख्य रस्ता किमान १२ मीटर रुंद असावा, भूखंडाचे प्रवेशद्वार किमान ६ मीटरचे असावे आणि सभोवतालची मोकळी जागा ४५ टनांपर्यंतच्या अग्निशमन गाडीचा भार पेलणारी असावी, असे सांगते. आपल्या गल्लीत भाजीची हातगाडी समोरून आली तर रिक्षा मागे घ्यावी लागत असेल, तर मुद्दा स्वतःच बोलतो. फक्त तो मीटरमध्ये लिहावा लागतो. अतिदक्षता विभागातील रुग्ण जिना उतरून पळू शकत नाही, म्हणून रुग्णालयाच्या बाबतीत आगीचा मुद्दा हा अडवणुकीचा नसून रुग्णांच्याही हिताचा आहे, हे पत्रात जरूर लिहावे.

दुसरा भरीव मुद्दा कचरा आणि सांडपाण्याचा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार प्रक्रिया न केलेला मानवी अवयवांचा, रक्तस्रावाने माखलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो साठवण्याची खोली नकाशात कोठे दाखवली आहे, तिचे दार कोणत्या बोळात उघडते आणि गाडी कोणत्या वेळी येणार, हे विचारावे. सांडपाणी प्रक्रिया करून कोठे सोडणार, हेही विचारावे. बेळगावच्या पावसात जुनी गटारे जुलैमध्येच तुंबतात आणि आडांचे पाणी अजून पुष्कळ घरे वापरतात. बांधलेले क्षेत्र २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक होत असल्यास २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते, मात्र जुन्या गल्लीतला प्रस्ताव एवढा मोठा क्वचितच असतो.

तिसरा मुद्दा तळघराचा, आणि माझ्या मते लगतच्या घरांसाठी तोच सर्वांत जोखमीचा. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि मंगळुरी कौले असलेल्या घराशेजारी पार्किंगसाठी दोन मजले खोल खणले, तर भिंत सरकण्यासाठी भूकंपाची गरज लागत नाही. काम सुरू होण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आपल्या घराची पाहणी करून घ्यावी, प्रत्येक भेगेचे तारखेसह छायाचित्र ठेवावे आणि अहवालाची प्रत हरकतीला जोडावी. नंतर पडलेली भेग जुनीच होती, असे म्हटले जाण्याला एवढाच उपाय आहे.

ध्वनीचा मुद्दा दुधारी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो, आणि तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल असते, तर निवासी भागात ती ५५ व ४५ असते. रहिवाशांना जनरेटरच्या आवाजाविरुद्ध याचा आधार मिळतो, पण चौकातल्या गणेशोत्सवाच्या मंडपावर आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मार्गावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. मंडळांनी हा प्रश्न विस्तारानंतर नव्हे, सुनावणीतच उपस्थित करावा.

वारशाचा मुद्दा कसा मांडावा

‘आमची गल्ली ऐतिहासिक आहे’ या वाक्याला कायद्यात आपोआप वजन नाही. वारसा इमारत किंवा वारसा परिसर सक्षम प्राधिकरणाने तसा घोषित केलेला असेल, तरच संबंधित बंधने लागू होतात. किल्ल्यातील कमल बस्तीसारखे केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल, तर मुद्दा फार बळकट होतो, कारण स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. अशी कोणतीच घोषणा नसेल, तर पाडल्या जाणाऱ्या घरांची मोजमापे, छायाचित्रे, बांधकामाचा काळ सांगणारी खते आणि गल्लीची सलग रूपरेषा दाखवणारा साधा आराखडा जोडावा, आणि मागणीही तशीच मर्यादित ठेवावी: दर्शनी भाग राखावा, उंची शेजारच्या घरांना धरून उतरती असावी, मंदिराच्या शिखराकडे जाणारी नजर अडू नये.

सहावी पायरी: सुनावणी आणि अटी

सुनावणीला पाच-सहा जणांनीच जावे आणि मुद्दे वाटून घ्यावेत. सोबत कन्नडमध्ये अस्खलित बोलणारे एक जण असावे. वकील असले तर उत्तम. पूर्ण नकार हीच एकमेव मागणी ठेवू नये, असे मला वाटते. प्रस्ताव मंजूरच झाला, तर आपल्या हाती अटी तरी राहिल्या पाहिजेत: रुग्णवाहिकेचा प्रवेश मुख्य रस्त्याकडून, गल्लीकडचे दार केवळ आपत्कालीन, नातेवाइकांची वाहने भूखंडातच, लगतच्या भिंतीपासून ठरावीक अंतर, प्राणवायूच्या टाकीची जागा घरांपासून दूर, खोदकामापूर्वी लगतच्या घरांचा विमा. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने स्टॅम्प पेपरवर आश्वासन दिले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. व्यवस्थापन बदलते, ट्रस्टी बदलतात. अट आदेशात आणि मंजूर नकाशावर लिहिली गेली, तरच ती मोडल्याबद्दल जाब विचारता येतो.

विस्तारामुळे आजूबाजूला काय होईल, हेही बोलावे. पुढच्या काही वर्षांत समोरची घरे औषध दुकाने, लॅब आणि नातेवाइकांसाठीची लॉजिंग होतात, आणि गल्लीचे रूप खरे तर तेथे बदलते. एका भूखंडाचा बदल पुढच्या अर्जदारांसाठी पायंडा ठरणार नाही, असे आदेशात नमूद करण्याची मागणी करावी.

रुग्णालय चालवणाऱ्यांनाही एक सूचना करावीशी वाटते. नोटीस काढण्याआधी नकाशा घेऊन पंच कमिटीसमोर बसावे. बाह्यरुग्ण विभाग आणि तपासण्या मुख्य रस्त्यावरच्या दुसऱ्या जागेत हलवल्या, तर जुन्या जागेत पुष्कळदा नवे मजले चढवण्याची वेळच येत नाही.

सातवी पायरी: आदेशानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत ताबडतोब मागावी आणि त्यात आपल्या हरकतींना कारणांसह उत्तर दिले आहे का, ते पाहावे. कारणे नसतील, नोटीस नियमाप्रमाणे नसेल किंवा सार्वजनिक हित केवळ शब्दापुरते असेल, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. विलंब मात्र करू नये. इमारत तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर आलेल्या याचिकेकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. बेंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या १९९१ च्या निकालात बेंगळूरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही आणि परिसरातील रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्कही मान्य केला. तेथे प्रश्न उद्यानाचा होता, त्यामुळे निवासी भूखंडाला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण रुग्णालय म्हटले की सार्वजनिक हित आपोआप सिद्ध होते, या युक्तिवादाला तो उत्तर आहे.

जमीनवापर बदलला म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली, असे नाही. महानगरपालिका कायदा, १९७६ च्या कलम २९९ खालील बांधकाम अर्ज, अग्निशमन दलाचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ खालील नोंदणी, हे सर्व टप्पे स्वतंत्र आहेत. प्रत्येक ठिकाणी आपल्या हरकतीची आणि आदेशातील अटींची प्रत आधीच देऊन ठेवावी. नकाशाबाहेर काम होत असल्यास महानगरपालिका कायद्याच्याच कलम ३२१ खाली कारवाईची मागणी करावी, आणि काम पूर्ण झाल्यावर कलम ३१० खालील वापर परवाना देण्यापूर्वी अटींची प्रत्यक्ष तपासणी व्हावी, असे पत्र द्यावे.

ज्या गल्लीत अजून प्रस्ताव आलेला नाही, तिने मास्टर प्लॅनच्या फेरआढाव्याकडे लक्ष ठेवावे. कायद्याने हा आढावा दर दहा वर्षांनी घ्यायचा असतो आणि त्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. वारसा परिसराची हद्द आखून मागणे, उंचीची मर्यादा सुचवणे आणि रुग्णालयांसाठी रुंद रस्त्यांवर जागा राखण्याची सूचना करणे ही कामे त्याच वेळी करावीत. एकेका भूखंडाच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हे सगळे मांडण्यापेक्षा ते सोपे जाते, आणि त्यासाठी गल्लीचा नकाशा व घरांची नोंद आजपासून तयार करता येते.